बारबॅकचं काम: बर्फापासून मोरीपर्यंत

शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. काउंटरला माणसं तीन-तीन ओळींत चिकटलेली, प्रिंटरमधून बीओटी (ड्रिंक्सच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) एकामागून एक बाहेर पडतायत आणि दोन्ही बारटेंडरचे हात थांबायला तयार नाहीत. त्यांच्या पाठीमागून एक जण बर्फाची बादली घेऊन सरकतो, वेल (काउंटरमागे बारटेंडरच्या हाताशी असलेली बर्फाची पेटी) भरतो, जाता जाता चार रिकाम्या बाटल्या उचलतो आणि दिसेनासा होतो. तो बारबॅक. मुंबईत लोअर परळला किंवा वांद्र्याला, पुण्यात कोरेगाव पार्क किंवा बाणेरला बारमध्ये लागणारी बरीच मुलंमुली याच जागेवरून सुरुवात करतात.

बर्फ आणायला बारटेंडर स्वतः मागे गेला तर जाऊन यायला तीन मिनिटं जातात. तेवढ्यात तो पाच ड्रिंक्स काढतो. रात्रीतून दहा वेळा असं झालं की पन्नास ड्रिंक्सची विक्री गेली, शिवाय ताटकळलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या बारटेंडरला आणि त्याच्या शिव्या तुम्हाला. म्हणून या कामाचं माप एकच आहे: आज बारटेंडरला काउंटर सोडून किती वेळा जावं लागलं?

इथे दिलेले आकडे रात्रीला अडीचशे-तीनशे ड्रिंक्स काढणाऱ्या, दोन बारटेंडर आणि एक बारबॅक असलेल्या कॉकटेल बारचे आहेत. साध्या परमिट रूमचा संसार वेगळा. तिथे वेटरच क्वार्टर, सोडा आणि चखणा टेबलावर मांडतो, बारबॅक नावाचा माणूसच नसतो.

रुजू होण्याआधी

महाराष्ट्रात परवानाधारकाला दारूच्या कामावरच्या माणसांची नावं उत्पादन शुल्क विभागाकडे देऊन नोकरनामा घ्यावा लागतो. त्यात आपलं नाव चढलं का, हे पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला विचारा. तपासणी आली आणि नाव नसलं तर तुमची ओळख काय सांगायची, हा प्रश्न मालकालाही अवघड जातो. खाण्यापिण्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. बारबॅकही त्यात आला, कारण लिंबू तो कापतो आणि बर्फ तो भरतो.

बूट बंद आणि न घसरणाऱ्या तळव्याचेच हवेत. कॅनव्हासचे बूट तासाभरात भिजतात आणि मग रात्रभर पाय कुजतात. खिशात बाटली-ओपनर, पेन, मार्कर, छोटा टॉर्च. टॉर्च कशाला ते बर्फाच्या भागात कळेल. कमरेला दोन फडकी: ओलं काउंटरसाठी, कोरडं ग्लाससाठी. त्यांची अदलाबदल झाली की ग्लासला चिकट वास येतो आणि तो कुठून आला ते कुणाला सापडत नाही.

पैशांच्या दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. टिपचं वाटप कसं होतं आणि बारबॅकला त्यात किती हिस्सा आहे, ही पहिली. दुसरी, रात्री घरी जायची सोय. बार आवरेपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास येते. स्टाफ ड्रॉप नसेल तर पगाराचा मोठा भाग रिक्षावाल्याच्या खिशात जातो.

दुपारची मांडणी

बार सातला भरणार असेल तर बारबॅक चारला आत हवा. पहिलं काम लिंबू, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बाजारातल्या कागदी लिंबाला साधारण १५ ते २० मिली रस सुटतो. म्हणजे लिटरभर रसाला ५५ ते ६५ लिंबं. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागही असतं आणि कोरडंही, तेव्हा ७५ धरा. पावसाळ्यात तीच पन्नासात भागतात. लिंबू आधी धुवायचं, मग तळहाताखाली दाबून पाटावर दोन-तीनदा फिरवायचं, मग आडवं कापायचं. स्क्वीझरमध्ये कापलेली बाजू भोकांकडे जाते, घुमटाकडे नाही. नव्या माणसाची हमखास चूक हीच, कारण लिंबाचा आकार त्या वाटीत उलटाच बसेल असं वाटतं. रस सुटायचा थांबला की सोडून द्या. शेवटच्या थेंबासाठी जोर लावला तर सालीचा कडवटपणा उतरतो आणि बारटेंडर ‘आज ड्रिंक कडू का लागतंय’ म्हणून साखर वाढवत बसतो. गाळून बाटलीत भरा, वर तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी चिकटवा. हा रस त्याच रात्रीचा. उरला तर उद्याच्या बाटलीत मिसळायचा नाही.

साखरेचा पाक म्हणजे शुगर सिरप. एकास एक म्हणजे १ किलो साखर आणि १ लिटर पाणी, दोन्ही वजन करून. मगाने मोजलं तर साखर कमी पडते, कारण एका मगात पाण्याइतक्या वजनाची साखर मावत नाही. एवढ्याचं साधारण १.६ लिटर सिरप होतं. पाणी गरम करून गॅस बंद करा आणि मग साखर विरघळवा. उकळत ठेवलं तर पाणी उडून सिरप घट्ट होतं आणि त्या दिवशीचं प्रत्येक कॉकटेल जास्त गोड लागतं. काही बार दोनास एक वापरतात, म्हणजे २ किलोला १ लिटर. तुमच्या बारमध्ये कोणतं चालतं ते विचारून घ्या आणि बाटलीवर तसं लिहा. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

गार्निश म्हणजे ड्रिंकवर सजावटीला लागणारी फळं-पानं, ती बेताने कापा. लिंबाच्या फोडी सहा किंवा आठ, मधली पांढरी शीर काढून. चकत्या ३-४ मिलिमीटरच्या. त्याहून पातळ असेल तर ग्लासच्या कडेवर उभी राहत नाही. पुदिन्याच्या जुडीची खालची पानं काढा, देठं तासून फुलदाणीसारखी पाण्यात उभी ठेवा. कोमेजलेली पानं बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली की पुन्हा उभी राहतात, पण काळी पडलेली जिवंत होत नाहीत. संत्र्याची साल आधीपासून सोलून ठेवू नका. तिच्यातलं तेल उडून जातं आणि उरतं ते नुसतं चामडं.

गोव्यात सीझनला लागलात तर मार्च ते मेच्या मांडणीत आणखी एक ओळ वाढते: हुर्राक. काजूबोंडाच्या रसाची ही पहिली धार तेवढ्याच दिवसांत मिळते. तिच्याबरोबर लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची जाते. मिरच्या चिरताना हातमोजा घाला. तेच हात पुढे रात्रभर ग्लासच्या कडांजवळ असतात, आणि कधी तरी डोळ्यालाही लागतातच.

थंड्या मालाचा हिशोब ‘पार’ने चालतो. पार म्हणजे सेवा सुरू होताना त्या वस्तूचा फ्रिजमध्ये असायलाच हवा तो साठा. मागच्या दोन-तीन शुक्रवारी टॉनिकचे ७० कॅन गेले असतील तर पार ९० ठेवा. साध्या मंगळवारचा पार वेगळा. ही यादी फ्रिजच्या दाराला आतून चिकटवलेली असते. नसेल तर तुम्ही करा. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरच्या नजरेत यायचा याहून सोपा मार्ग नाही. माल भरताना नवा मागे, जुना पुढे. गरम बिअर फ्रिजमध्ये ठेवल्यावर नीट थंड व्हायला तीन-चार तास लागतात, म्हणून आठ वाजता भरलेली बिअर त्या रात्रीची नसतेच. अडलंच तर टबात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. डीप फ्रीझरमध्ये बाटली टाकून विसरलात तर ती फुटते. विसरणार नाही असं वाटत असलं तरी टाकू नका.

बर्फ

बारबॅकची निम्मी नोकरी बर्फात जाते. नव्या माणसाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो तोही इथेच.

उंच ग्लास काठोकाठ भरला तर त्यात पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम बर्फ मावतो. शेकरमध्ये तेवढाच जातो आणि हलवून झाला की फेकला जातो, ग्लासात नवा लागतो. ऑन द रॉक्सला शंभरभर ग्रॅम. सरासरी २५० ग्रॅम धरले तर ३०० ड्रिंक्सना ७५ किलो. वितळणं, सांडणं आणि टबातल्या बाटल्या मिळून पावपट वर. म्हणजे शुक्रवारी शंभर किलोच्या आसपास.

आता मशीन बघा. त्यावर लिहिलेला ‘दिवसाला ५० किलो’ हा आकडा २४ तासांचा आणि थंड हवेतला असतो. मेच्या उकाड्यात, वर एक्झॉस्ट नीट नसलेल्या कोपऱ्यात तेच मशीन पस्तीस-चाळीसवर येतं. शिवाय बिन (मशीनचा बर्फ साठवायचा कप्पा) भरलं की मशीन आपोआप थांबतं. म्हणून दुपारी आल्या आल्या बिन रिकामं करायचं, बर्फ स्वच्छ पिशव्यांत भरून डीप फ्रीझरला टाकायचा आणि मशीनला पुन्हा कामाला लावायचं. एवढ्यानेच रात्रीपर्यंत काही किलो जास्तीचा बर्फ हाताशी येतो. पिशवीतला बर्फ एकमेकांना चिकटतो. वापरण्याआधी पिशवी बंद ठेवून ओट्यावर दोनदा आपटा. उरलेली तूट खाण्यायोग्य क्यूबच्या सीलबंद पाकिटांनी भरायची, आणि ती ऑर्डर दुपारी द्यायची. रात्री दहाला फोन केलात तर अख्ख्या शहरातले बारबॅक त्याच नंबरवर असतात.

कारखान्याची लादी फोडून वेलमध्ये टाकायची नाही. अखाद्य बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तो याचसाठी. निळा बर्फ बारच्या दारातून आत आलाच नाही तर उत्तम. बाहेर टबात बाटल्या थंड करायला आणलेला असला तरी घाईत कुणी तरी त्यात स्कूप घालतोच.

बादली पाऊण भरा, दोन्ही हातांत दोन. एकाच हातात ओझं नेलं की दोन महिन्यांत कंबर बोलायला लागते. बर्फाच्या बादल्या फक्त बर्फासाठी. जमिनीवर टेकवायच्या नाहीत, एकात एक घालायच्या नाहीत, काम झालं की उलट्या टांगायच्या. बादलीचा तळ ओला-मळका असला तर वेलमध्ये ओतताना तीच घाण टपकते. वेलचा पाणी जायचा मार्ग दर फेरीला बोटाने चाचपा. तो तुंबला की बर्फ पाण्यात पोहतो, आणि ओल्या बर्फाचं ड्रिंक पहिल्या घोटापासून पांचट लागतं. स्कूप नेहमी बाहेर, आपल्या डब्यात. बर्फात खुपसून ठेवला तर दांड्याला लागलेले सगळे हात बर्फात जातात.

ग्लासने बर्फ उचलायचा नाही. हा नियम बारटेंडरही घाईत मोडतात, आणि मग जे होतं ते असं: ग्लासची कड बर्फावर आपटते, टिचकी मारल्यासारखा आवाज येतो आणि नखाएवढा तुकडा वेलमध्ये दिसेनासा होतो. काच आणि बर्फ दोन्ही पारदर्शक, शोधून सापडत नाही. अशा वेळी तुकडा हुडकत बसू नका.

‘काच! वेल बंद!’ असं मोठ्याने ओरडा. लगेच ग्रेनेडिन किंवा हाताला येईल ते लाल सिरप त्या बर्फावर ओता. लाल बर्फात कुणी चुकूनही स्कूप घालत नाही. बारटेंडरला दुसऱ्या वेलवर किंवा बादलीतल्या बर्फावर काम करू द्या. वरचा बर्फ स्कूपने काढून वेगळ्या बादलीत टाका आणि ती बादली मोरीकडे न्या, पुन्हा वापरायची नाही. राहिलेल्यावर गरम पाणी ओतून सगळं वितळवा. तळ ओल्या टिश्यूने पुसा, हाताने किंवा फडक्याने नाही, कारण फडक्यात अडकलेली कपची पुढे कुणाच्या तरी बोटात जाते. आता तो टॉर्च काढा आणि आडव्या उजेडात कोपरे बघा, काच चमकते. जाळी काढून तिच्याखालचंही बघा. पुन्हा गरम पाणी, मग नवा बर्फ. सरावलेल्या माणसाला याला आठ-दहा मिनिटं लागतात. आजूबाजूची उघडी गार्निशही फेकून द्या. कपची वेलमध्येच पडली असेल, याची खात्री कुणी दिली?

ग्लास

मशीन नसेल तर तीन भांड्यांची मोरी: पहिल्यात गरम पाणी आणि साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात निर्जंतुकीकरण. ५ टक्के क्लोरिनचं ब्लीच १० लिटर पाण्याला १० मिली, म्हणजे साधारण ५० पीपीएम. त्यात मिनिटभर बुडवून जाळीवर उलटा, हवेवर सुकू द्या. ब्लीचचं पाणी दीड-दोन तासांनी बदला. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एका मोरीत कधीच एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद पॅन्ट्रीत उभं राहणं अशक्य होतं. मशीन असेल तर शेवटच्या पाण्याचं तापमान ८२ ते ८५ अंश दिसलं पाहिजे. त्यातून निघालेला ग्लास चटका देतो. त्यात लगेच बर्फ घातला तर तो तडकतो, म्हणून गरम रॅक आणि तयार रॅक वेगवेगळ्या ठेवा.

उजेडाकडे धरून ग्लासच्या कडेवर बोट न लावता नजर फिरवा. टवका गेलेला ग्लास बाजूला काढून ब्रेकेजच्या वहीत लिहा. नुकसान आपल्या माथी येईल म्हणून लपवून ठेवण्यापेक्षा लिहिलेलं परवडतं, कारण आठवड्याची मोजणी होतेच. बिअरच्या ग्लासची परीक्षा साधी: ओल्या ग्लासवर पाण्याचा पातळ पदर सलग राहिला तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर तेलकट. लिपस्टिक आणि तळलेल्या चखण्याचं तेल बिअरचा फेस मारतं. बारटेंडर केगला (नळाच्या बिअरच्या पिंपाला) दोष देत असतो आणि दोष ग्लासचा असतो.

ओले ग्लास एकात एक घातले की अडकतात. अडकलेच तर पिळू नका. वरच्या ग्लासात थंड पाणी भरा, खालचा कोमट पाण्यात धरा, तो सैल होतो. उचलताना दांडी किंवा बूड धरा. चार बोटं आत घालून चार ग्लास गोळा करणं दिसायला झटपट, पण तुमची बोटं गिऱ्हाइकाच्या ओठांच्या जागी लागतात. धुवायला जाणारे रिकामे ग्लास असतील तर ठीक, तरी ते हात धुतल्याशिवाय बर्फाकडे जाऊ नका.

गर्दीतली फेरी

आठ ते बारा या वेळात काय संपतंय ते ऐकून धावायचं नाही, फिरून बघायचं. दर दहा मिनिटांनी एक फेरी, नेहमी त्याच क्रमाने: वेल, ग्लास, रस आणि सिरप, गार्निश, मिक्सरचा (सोडा-टॉनिकचा) फ्रिज, रिकाम्या बाटल्या, कचरा. क्रम ठरलेला असला की डोकं बधिर झालं तरी पाय चुकत नाहीत. वेल अर्ध्यावर आला की भरा, पाव होईपर्यंत थांबू नका. आणि मागे जाताना हात रिकामे नसावेत: जाताना रिकाम्या बाटल्या, येताना बर्फ.

दोघांनी एकदम हाक मारली तर ‘आत्ता की दोन मिनिटांत?’ एवढंच विचारा. बर्फ नसेल तर काहीच निघत नाही, म्हणून तो पहिला. मग ग्लास. मग संपलेली बाटली. पुदिना थांबू शकतो. ऐकलंत हे समजावं म्हणून ‘ऐकलं’ किंवा ‘येतंय’ म्हणा. मान डोलावणं म्युझिकच्या आवाजात आणि अंधारात कुणाला दिसत नाही. पाठीमागून जाताना प्रत्येक वेळी ‘बिहाइंड’, वळणावर ‘कॉर्नर’, सुरी हातात असेल तर ‘शार्प’. बारच्या आत नेपाळचा, ओडिशाचा, मणिपूरचा मुलगा बाजूला असतो, बोलणं हिंदीत चालतं, पण हे तीन शब्द सगळीकडे तेच. बारटेंडर हातात शेकर घेऊन अचानक मागे वळतो. तुमचा आवाज आला नसेल तर ग्लासांचा रॅक आणि त्याचं कोपर यांची गाठ ठरलेली.

जमिनीवर पाणी किंवा सिरप सांडलं तर फेरी सोडून आधी ते पुसा. मॅटखाली गेलेलं सिरप दुसऱ्या दिवशी चिलटं बोलावतं.

काउंटरच्या पलीकडचं काम तुमचं नाही. गिऱ्हाइकाने तुमच्याकडे ऑर्डर दिली तर ‘सांगतो सर’ म्हणून बारटेंडरला सांगा. स्वतः पेग ओतू नका, ‘जरा हात सैल सोड’ म्हटलं तरी नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं, बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. कुणी लहान वाटला किंवा कुणाचा तोल जातोय असं दिसलं तर वाद न घालता बारटेंडरच्या कानावर घाला. टेबलं आवरताना तळाशी दोन घोट असलेला ग्लास विचारल्याशिवाय उचलू नका. रात्रीतली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

बाटल्यांचा हिशोब

७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग, साठचे साडेबारा. स्टोअरकीपर याच आकड्यावर तुमच्याशी बोलतो. रिकामी बाटली दाखवल्याशिवाय भरलेली मिळत नाही, म्हणून संपलेली बाटली कचऱ्यात टाकायची नाही, क्रेटमध्ये उभी ठेवायची. इंडेंटवर (स्टोअरमधून माल मागायच्या चिठ्ठीवर) ब्रँड, माप आणि संख्या लिहून सही घ्या. दोन बारमधली देवाणघेवाणही कागदावर. ‘नंतर लिहू’ म्हणून उचललेली बाटली मोजणीच्या रात्री तुमच्या नावावर सापडते. उत्पादन शुल्काच्या रजिस्टरमधला आकडा आणि रॅकवरची बाटली जुळत नसेल तर ती बारची चूक राहत नाही, परवान्याची होते.

नवी बाटली रेलमध्ये (बारटेंडरसमोरच्या बाटल्यांच्या रांगेत) ठेवताना लेबल पुढे आणि पोररचं (बाटलीच्या तोंडाला बसवलेल्या ओतायच्या नळीचं) तोंड सगळ्या बाटल्यांचं एकाच दिशेला. बारटेंडर बघून बाटली उचलत नाही, हात जातो तिथून उचलतो. व्होडकाच्या जागी जिन ठेवलीत तर पहिली तीन ड्रिंक्स परत येईपर्यंत कुणाला कळत नाही.

केग बदलणं

पुण्यात २००९ साली पहिली मायक्रोब्रुअरी आली, तेव्हापासून नळाची बिअर बऱ्याच बारमध्ये आहे. ३० लिटरचा भरलेला केग साधारण ४० किलोचा, म्हणून दोघांनी उचला किंवा ट्रॉली घ्या. ६५० मिलीच्या बारा बाटल्यांचा बॉक्सही चौदा-पंधरा किलो भरतो. दोन एकदम उचलून शौर्य दाखवू नका.

१. नवा केग आदल्या दिवशीच थंड खोलीत आणलेला हवा. बाहेरून आलेला केग आतपर्यंत ३-४ अंशांवर यायला दिवस लागतो, आणि गरम केग फक्त फेस देतो.
२. आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद.
३. कपलरचा (केगच्या तोंडावर बसणाऱ्या जोडणीचा) दांडा वर, मग कपलर फिरवून काढा. दांडा खाली असतानाच फिरवला तर बिअर तोंडावर उडते.
४. कपलरचं तोंड आणि नव्या केगचा व्हॉल्व्ह निर्जंतुक पाण्याने पुसा, रबर वॉशर जागेवर आहे का बघा. हळूहळू गळणाऱ्या गॅसचं कारण बहुतेक वेळा हाच वॉशर असतो.
५. कपलर बसवा, फिरवा, दांडा खाली, मग गॅस सुरू.
६. पहिला फेस जगमध्ये काढून घ्या आणि वहीत लिहा.

नुसता फेस येत राहिला तर हा क्रम तपासा: केग गरम आहे का, नुकताच हलवला आहे का, गॅसचा दाब वाढला आहे का, नळी कधी धुतली होती. गॅसचं सिलिंडर उभं आणि साखळीने बांधलेलं. बंद तळघरात कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, तो हवेपेक्षा जड. आत गेल्यावर डोकं दुखलं किंवा श्वास भरून आला तर केग तसाच सोडून आधी बाहेर या, दार उघडं ठेवा आणि मॅनेजरला बोलवा. सोबतीला माणूस मिळाला तरी पुन्हा आत जाऊ नका.

आवराआवर

शेवटची ऑर्डर गेली की सगळे थकलेले असतात आणि उद्याचा दिवस याच अर्ध्या-पाऊण तासात बिघडतो. आधी फ्रिज भरा, म्हणजे बिअर रात्रभरात थंड होते. हे उद्या दुपारवर ढकललं की सात वाजता पुन्हा मिठाचा टब काढावा लागतो. मग रस ओतून टाका, सिरपच्या तारखा बघा, कापलेली फळं फेका, अख्खी झाकून ठेवा. वेलमधला बर्फ गरम पाण्याने वितळवून वेल पुसा. रात्रभर भरलेला ठेवून ‘सकाळी वापरू’ असं करू नका.

पोरर काढून गरम पाण्यात भिजवा. लिक्यूरमधली साखर वाळून नळी बंद होते आणि पुढच्या रात्री पेग कमी पडतो. बाटल्यांच्या तोंडावर क्लिंग फिल्म, नाहीतर पावसाळ्यात सकाळी महागड्या बाटलीत दोन चिलटं तरंगताना दिसतात. बार मॅट साबणाने घासून उभे करून सुकवा, मोरीच्या जाळीत उकळतं पाणी, कचऱ्याच्या पिशव्या बाहेर. फुटलेली काच वेगळ्या कडक डब्यात. पिशवीत टाकलेली काच सकाळी कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते.

२ ऑक्टोबरसारखा ड्राय डे आला तर स्टाफला बोलावलं जातं, सुट्टी समजू नका. बर्फाचं मशीन उघडून आतून धुणं, बिअरच्या नळ्या साफ करणं, रॅकमागची भिंत, ही कामं तेव्हाच होतात.

दिवे घालवायच्या आधी फ्रिजच्या दारावर उद्यासाठी चिठ्ठी लावा. दुपारी येणारा कदाचित दुसराच असेल, त्याला तुमचं अक्षर लागलं पाहिजे: लिंबं १३०, पुदिना ६ जुड्या, साखर ३ किलो, टॉनिक ४ ट्रे, ग्रेनेडिन १ बाटली (आज वेलमध्ये गेली), केग २ संपत आलाय, डाव्या वेलची जाळी सैल.